पाहिलं, ठीक आहे

चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून तळाशी गेलं आणि नेमकं तेव्हाच त्याला आठवलं, की काल दुपारी आपण सगळ्या जगाची दारं बंद करून टाकली आहेत. ही अतिशयोक्ती नव्हे. निदान त्याच्या हिशेबी नव्हे. काल त्याने आपल्या लायब्ररीची नवी आवृत्ती बाहेर सोडली होती आणि यंत्राला येणाऱ्या हुकमावरची सही खरी की खोटी हे ठरवणाऱ्या भागात शेवटून दुसरी ओळ नव्हती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. आलेला हुकूम घ्यायचा, सही उलगडायची, आकडे दळायचे, आणि पीठ बरोबर पडलं तर 'हो' म्हणायचं. ते 'हो' म्हणणं तेवढं राहिलं होतं. कोड नीटनेटका करताना ती ओळ त्याने जरा बाजूला काढून ठेवली होती. चष्मा कपाळावर सरकवावा आणि मग घरभर शोधावा, तसला प्रकार. फरक इतकाच, की इथे शोधलंसुद्धा नव्हतं. म्हणजे त्याचं कुलूप आता चोराला 'नाही' म्हणणार होतं आणि मालकालाही 'नाही'च म्हणणार होतं. आणि कोड आपोआप पारखणाऱ्या तपासण्या? त्या तर सगळ्या हिरव्यागार आल्या होत्या. आता त्याचंही कोडं सुटलं. त्याने फाइली नव्या फोल्डरात हलवल्या होत्या, तपासण्यांना नवा पत्ता सांगितला नव्हता. त्या बिचाऱ्या इमानेइतबारे जुन्याच घरी जाऊन सगळं आलबेल असल्याचा निरोप आणत राहिल्या.

त्याने चहाचा कप ठेवला तो बशीच्या बाहेर. मेलपेटी उघडायच्या आधी त्याने डोळे मिटून घेतले. पूर्वी एकदा, केस काळे होते तेव्हाची गोष्ट, त्याच्या हातून याच्या नखाएवढी चूक झाली होती, तर चहा थंड व्हायच्या आत पृथ्वीच्या पाठीवरून बोंब उठली होती. कुण्या बँकेचा माणूस शिव्या देत होता, कुणी इस्पितळातून विनवत होता, आणि एकजण तर नुसता 'का? का? का?' एवढंच लिहून पाठवत होता. तो दिवसभर माफी मागत, दुरुस्त्या करत, कोरडी पोळी चावत बसला होता आणि, खोटं कशाला बोलायचं, आयुष्यात इतका सुखी तो क्वचितच झाला होता. त्याने डोळे उघडले. पेटीत एकच मेल होती. बुटांवर सवलत.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, हे त्याला आयुष्यभर सांगत बसावं लागलं. त्याचे वडील गेले ते मुलगा ग्रंथपाल आहे याच समाधानात गेले, शेवटी शेवटी तर इस्पितळातल्या परिचारिकेला ते सांगायचे, "वाचायला काही हवं असेल तर याला सांगा." त्यानेही मान डोलावली होती. आता कसं सांगणार, की ही तयार कोडची पेटी आहे, दुसऱ्यांनी आपापल्या यंत्रांत बसवायची. की हुकूम खऱ्या धन्याकडूनच आला आहे ना, एवढंच ती ओळखते. की ती फुकट आहे, कुणीही न्यावी, कुणीही मोडावी, परवानगी नको, आभार नकोत. दिवसा तो पाणीपुरवठा कचेरीच्या बिलांची प्रणाली सांभाळायचा, पण ते पोटासाठी. जीव होता तो या पेटीत. इमारतीतले लोक त्याला 'कुलूपवाले' म्हणायचे आणि घराची किल्ली हरवली की त्याच्या दारात उभे राहायचे, आणि आपल्याला पितळी कुलपातलं काही कळत नाही हे त्यांना सांगताना त्याला दर वेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. पण रस्त्याने जाताना तो मनातल्या मनात मोजायचा, हे दार आपलं, ती जकातीची कमान आपली, तो सिग्नल कदाचित आपला. अर्धं जग आपल्या एका ओळीला कडी समजून निर्धास्त आडवं होतं, आणि त्याला हे ठाऊक नाही. असं वाटलं की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. बायको म्हणायची, "पोक काढून चालणारा माणूस तू, कुलपांच्या दुकानासमोर आलास की सैनिक होतोस."

आणि असं असूनही चूक बाहेर गेलीच कशी, हा खरा प्रश्न होता. कारण तिथे एक नियम होता, लायब्ररीइतकाच जुना. चार डोळ्यांचा नियम. कुठलीही ओळ, मग ती त्याची स्वतःची का असेना, दुसऱ्याने वाचल्याशिवाय बाहेर जायची नाही. वाचणाऱ्याने खाली लिहायचं: 'पाहिलं, ठीक आहे.' ते लिहिणारा कित्येक वर्षं एकच माणूस होता. त्याला तो मफलर म्हणायचा, कारण पडद्यावर भेटायला तो उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर गुंडाळूनच यायचा. घसा जपायचा गवयासारखा, आणि गाणं विचाराल तर शिट्टीसुद्धा धड वाजायची नाही. वयाने दहा-बारा वर्षांनी धाकटा, 'दादा' म्हणणारा, दुसऱ्याच शहरात राहणारा. प्रत्यक्ष भेटले ते दोनदाच, त्यातही एकदा विमानतळावर पळता पळता. पण हा माणूस ओळ अशी वाचायचा की लिहिणाऱ्याला आपलं मन कुणीतरी दिव्याखाली धरल्यासारखं वाटावं. 'दादा, इथे तुम्ही चिडलेले होता का?' असं त्याने एकदा एका ओळीखाली लिहिलं होतं, आणि तो खरोखरच चिडलेला होता, सासऱ्यांशी भांडून येऊन ती ओळ त्याने खरडली होती. बायकोनेसुद्धा ते ओळखलं नव्हतं. आणि ती तर कान तपासणारी, तिचा धंदाच तो. बारीकशी शिट्टी ऐकू आली की बोट वर करा, असं दिवसभर लोकांना सांगणारी आणि बोट किती उशिरा वर आलं यावरून माणूस ओळखणारी. त्याने कालच्या आवृत्तीचं पान उघडलं. खाली होतं ते: पाहिलं, ठीक आहे.

कचेरीला बरं नसल्याचं कळवून तो खाली रस्त्यावर आला. नुकसान बघायला. आग लावणारा माणूस गर्दीत उभा राहून आग बघतो म्हणतात. याला आगच सापडेना. कोपऱ्यावरच्या बँकेच्या यंत्रापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. तो त्यांच्यामागे रांगेत उभा राहिला आणि मनात म्हणाला, आता अडेल. यंत्राने खर्रकन नोटा मोजल्या. याच्या पाळीलाही मोजल्या. काचेच्या मोठ्या कचेरीपाशी नोकरदारांचा लोंढा गळ्यातली कार्डं दाखवून आत शिरत होता आणि फाटक दर वेळी हिरवा दिवा लावून बाजूला होत होतं, इतक्या आज्ञाधारकपणे की त्याला त्या फाटकाचा राग आला. अडव की एखाद्याला, तो पुटपुटला, तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाकडे जायचंय?" "कोणाकडेच नाही," तो म्हणाला, आणि बोलून झाल्यावर ते वाक्य त्याच्या तोंडात बराच वेळ खड्यासारखं राहिलं. पार्सलांची पेटी उघडली. भाड्याच्या सायकलीचं कुलूप टकदिशी सुटलं. आधी त्याला वाटलं, अजून नवी आवृत्ती पोचली नसेल. मग वाटलं, पोचली, पण लोक शहाणे झाले, थांबून घेतात. तिसरी शक्यता त्याला दिसत होती, ओळखीचा नकोसा माणूस समोरून येताना दिसावा तशी, आणि तो तिला टाळायला या फुटपाथवरून त्या फुटपाथवर जात होता. लहानपणी एकदा लपाछपीत तो कपाटाच्या वर चढून बसला होता. कुणालाच सापडलो नाही या आनंदात अंधार पडेपर्यंत बसला होता, आणि उतरला तेव्हा कळलं, मुलं केव्हाच दुसरा खेळ खेळून घरी गेली आहेत. तेव्हा आलेला धुळीचा वास आता भर रस्त्यात त्याच्या नाकात आला.

बागेच्या बाकावर बसून त्याने मफलरला फोन लावला.

"दादा, आज इतक्या सकाळी?"

"काल पाठवलेलं वाचलंस?"

"हो, पाहिलं ना. लिहिलंय की खाली."

"शेवटून दुसरी ओळ काय आहे?"

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मफलर फाइल उघडतो आहे हे त्याला कळलं. मग एक सुस्कारा आला.

"अरे देवा," मफलर हळूच म्हणाला. "'हो'च नाहीये."

"नाहीये. आणि जगात कुठे काही अडलं नाही. मी आत्ता सगळ्या रस्त्याने दारं बघत आलो. तू सांगतोस का मी सांगू?"

"दादा, तुम्ही घरी आहात ना? वहिनी आहेत का जवळ?"

"बागेत आहे. बोल."

मफलर बोलला. घसा जपत, अडखळत, पण बोलला. दोनेक वर्षांपूर्वी दादा न्हाणीघरात पडले होते, आठवतं ना, हृदयाचं निघालं होतं. तेव्हा मोठ्या कंपन्या घाबरल्या. एका माणसाच्या छातीच्या ठोक्यावर इतकी दारं ठेवायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी सगळी लायब्ररी उचलून दुसऱ्या नावाने, दुसऱ्या घरी नेऊन ठेवली, दहा-बारा पगारी माणसं बसवली. त्यांतला एक मफलर. हळूहळू सगळे तिकडे गेले.

"नेली ते ठीक," तो म्हणाला, आणि आपला आवाज इतका समजूतदार कसा, याचं त्यालाच नवल वाटलं. "न्यायला मीच सांगितलंय, पहिल्या पानावर. कुणीही न्यावी. त्यात चोरी नाही. पण इकडे काय चाललं होतं मग? मी दर महिन्याला काय करत होतो?"

"तुम्हाला सांगणार होतो. पण डॉक्टर म्हणाले ताण नको. मग वाटलं, काम चालू असलं की बरं वाटतं तुम्हाला."

"आणि तू वाचत होतास माझं?"

"पहिले काही महिने वाचत होतो," मफलर म्हणाला. "मग तिकडचं काम वाढलं. तुमचं काही चुकत नाही कधी, दादा. म्हणून."

"आणि लायब्ररीबद्दल मेलवर प्रश्न विचारायचे ते लोक? तो सायकल दुकानवाला? त्या भूगोल शिकवणाऱ्या बाई?"

मफलर एकदा खाकरला, मग पुन्हा खाकरला. बायको असती तर बोट किती उशिरा वर आलं ते तिने सांगितलं असतं.

"सायकलवाला मी," मफलर म्हणाला. "भूगोलाच्या बाई म्हणजे माझी बहीण. तिला मी मजकूर सांगायचो. दादा, तुम्ही तिला ती चित्रं काढून पाठवलीत ना, तेव्हा ती रडली. मला म्हणाली, आता हे थांबव."

त्याने फोन ठेवला नाही, नुसता मांडीवर पालथा घातला. त्यातून 'दादा, दादा' असं किरकिरत राहिलं, डबीत किडा असावा तसं. भूगोलाच्या बाईंनी विचारलं होतं, की एक किल्ली सगळ्यांना वाटायची आणि दुसरी स्वतःपाशी ठेवायची, हे मला उमगत नाही, मी निवृत्त आहे, माझ्याकडे वेळ आहे, सावकाश सांगा. त्याने अख्खा रविवार घालवला होता. डोंगराच्या दोन बाजू, दोन ओढे, एकच तळं, अशी चित्रं काढली होती, त्यांना भूगोलातून कळेल म्हणून. बाईंनी लिहिलं होतं, 'तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं.' ते वाक्य त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. खिशात एखादा गुळगुळीत दगड असावा तसं ते त्याच्याजवळ होतं, बिलांच्या कचेरीत कंटाळा आला की तो त्यावरून बोट फिरवायचा. तो दगड मफलरने आपल्या गावातल्या गिरणीत घडवून पाठवलेला होता. चोरीचं दुःख वेगळं, त्यात निदान चोराला आपल्या वस्तूची किंमत असते. इथे वस्तू नेऊन वर तिच्या जागी कुणीतरी हलकेच उशी ठेवली होती, म्हणजे म्हाताऱ्याने चाचपडलं तर हाताला काहीतरी लागावं.

घरी आला तेव्हा बायको दवाखान्यातून जेवायला आलेली होती. त्याने बूटसुद्धा न काढता सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने ताटावर झाकण ठेवलं. मध्ये कुठे 'काय?' म्हणाली नाही, 'मेला' म्हणाली नाही. जगातल्या कुठल्याही बाईने मफलरला आत्तापर्यंत दोन शेलकी विशेषणं बहाल केली असती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"बस आधी."

"माहीत होतं का?"

"तुला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं तेव्हा त्याचा फोन आला. मी म्हटलं, आत्ता नको सांगू."

"आत्ता."

"मग तू घरी आलास. पहिल्याच दिवशी लॅपटॉप मागितलास. तेव्हा रंग आला तुझ्या तोंडावर, मी बघितला. रोज वाटायचं, आज नको. उद्या."

"दोन वर्षं आत्ताच चाललं होतं का?"

"हो," ती म्हणाली. "माझं तर तेवढंच चाललं होतं. तू जिवंत असण्याचं."

असं खोडता न येणारं बोलणं बायकोने करावं, हा त्याला आणखी एक विश्वासघात वाटला. तिने झाकण काढून ताट त्याच्यापुढे सरकवलं. तो आपल्या खोलीत गेला. टेबल तेच होतं, खुर्चीला त्याच्या पाठीचा खळगा पडला होता, खिडकीतून समोरच्या इमारतीचे कपडे दिसत होते. आणि हे सगळं कुणीतरी त्याच्यासाठी मांडून ठेवल्यासारखं, मुलांच्या भातुकलीतल्यासारखं दिसत होतं. दोन वर्षं तो ओसाड घराचा पहारेकरी होता. रोज गस्त घालत होता, 'कोण आहे' म्हणून ओरडत होता, आणि त्याच्या आवाजाला बरं वाटावं म्हणून काही भली माणसं भिंतीआडून ओ देत होती. आणि त्या भल्यांपैकी एक त्याच्या ताटात वाढत होती.

मेल आली ती अशा वेळी. कुणी पशुवैद्य बाई होत्या. नमस्कार वगैरे काही नव्हतं. 'तुमची नवी आवृत्ती आमच्या शीतकोठीत काल आपोआप बसली. आता कोठीचं दार उघडत नाही. ते एक वेळ असो. पण आतलं थंड करणारं यंत्रही माझा हुकूम मानत नाही, प्रत्येक हुकूम खोटा म्हणून परत पाठवतं. पारा चढतो आहे. आत जनावरांच्या लशी आहेत. हे सगळं माझ्या भावाने बसवलं होतं, तो आता नाही. दाराला साधी किल्ली असती तर तुम्हाला लिहीत बसले नसते. ताबडतोब दुरुस्त करा. तुमच्यासारख्यांनी फुकट देण्यापेक्षा न दिलेलं बरं.'

शेवटचं वाक्य वाचून त्याच्या अंगातून वीज गेली, जुनी, ओळखीची, सुखाची. आणि लगेच विझली. बहीण. भूगोलाच्या बाई गेल्या, आता पशुवैद्य बाई आल्या. मफलरने बागेतला फोन संपल्या संपल्या तिला बसवलं असणार: दादांना शिव्या आवडतात, जरा शिव्या घाल. भाऊ नाही, हेसुद्धा त्याचंच कलाकुसरीचं काम. त्याने मेल पुन्हा वाचली, स्वल्पविराम वाचले, 'ते एक वेळ असो' हे मफलर म्हणतो का ते आठवून पाहिलं. निरोप खरा कुणाचा हे ओळखण्यातच ज्याची हयात गेली, त्याला एका बाईचा निरोप खरा की खोटा ते कळेना. तिथे सहीच नव्हती तपासायला. होती ती नुसती माणसाची भाषा, आणि ती तर कुणालाही वापरता येते, फुकट, परवानगीशिवाय.

दुरुस्ती म्हणजे एक ओळ. त्याने ती लिहिली, तपासण्यांना नवा पत्ता दिला, त्या लाल झाल्या, मग हिरव्या झाल्या, या वेळी खरोखरीच्या. आता ती सोडून द्यायची. पण त्याचा हात थांबला. नियम होता चार डोळ्यांचा. आणि मग त्याने असं काही केलं जे एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं. त्या स्वच्छ दुरुस्तीत, वरच्या अंगाला, त्याने मुद्दाम एक भोक पाडलं. बारीक, चलाख भोक. घाईत वाचणाऱ्याला दिसू नये असं, नीट वाचणाऱ्याला दिसावंच असं. आणि ते, पशुवैद्य बाईंच्या मेलसकट, मफलरकडे पाठवलं. खाली फक्त लिहिलं: बघ.

तो वाट बघत बसला. 'पाहिलं, ठीक आहे' लगेच आलं तर सगळा निकाल लागणार होता. ते लगेच आलं नाही. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने कपडे काढून घेतले, झटकले, घडी केली. उशीर झाला याचा त्याला आनंद होत होता, म्हणजे वाचतोय, आणि चीडही येत होती, म्हणजे आत्ता वाचतोय. दवाखान्यात परत जाताना बायको दारात थांबली, काहीतरी म्हणाली, त्याने मान वळवली नाही. पशुवैद्य बाईंची आणखी एक ओळ आली: 'आहात का?' तिलाही त्याने उत्तर दिलं नाही. बहीण बसली असेल भावाशेजारी, तो मनात म्हणाला, बसू दे.

मफलरचं उत्तर आलं तेव्हा ऊन टेबलावरून उतरलं होतं.

'वाचलं. तिसऱ्या भागातली चूक तुमची नाही, दादा. तुम्ही असे चुकत नाही, ती मुद्दाम ठेवली आहे. माझ्यासाठी ठेवली ते बरोबरच आहे. पण त्या बाई थांबल्यात ना? त्या माझ्या कुणी नव्हेत. मी त्यांना ओळखत नाही.'

त्याने भोक बुजवलं. बोटं चालत होती, बाकीचा तो कुठेतरी मागे राहिला होता. आवृत्ती सोडली, बाईंना दोन ओळींत काय करायचं ते लिहिलं, माफी मागितली. मग नुसता पडद्याकडे बघत राहिला. मफलरवर विश्वास ठेवायचं एकही कारण त्याच्यापाशी उरलं नव्हतं; 'ओळखत नाही' हेसुद्धा मफलरच सांगत होता. मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं, बाई खोट्याच असू देत. खोट्या असल्या तर आपण फक्त फसवले गेलो. तो आपल्यापुरता मामला.

बायको दवाखान्यातून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने पर्स ठेवली, आणि दिवा न लावता त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, हात लावू की नको अशी.

"काय झालं?" तिने विचारलं.

"त्या पशुवैद्य बाई खऱ्या आहेत," तो म्हणाला.

"कोण बाई? आणि खऱ्या कशावरून?"

त्याने दुपारची मेल आणि तिच्याखाली आलेली नवी ओळ तिला दाखवली. मफलरने किंवा त्याच्या बहिणीने लिहिली असती तर सगळं बचावलं असतं, आभार मानले असते, तुमच्यामुळे म्हटलं असतं. 'दार उघडलं,' बाईंनी लिहिलं होतं. 'खालचं सगळं बचावलं. वरच्या दोन फळ्यांवरच्या लशी दुपारी गेल्या.'